रिकाम्या पानठेल्यावर एक

बळीराम मास्तर वारल्याची बातमी निम्म्या दिग्रसला कळली तेव्हा त्यांची राख थंड होऊन गेली होती. बातमी उशिरा दिली असं नाही. त्यांच्या मुलानं ती तासाभरात आमच्या 'पानठेला, दिग्रस' या ग्रुपवर टाकली होती. पण त्या ॲपवाल्या कंपनीच्या यंत्राला ती फारशी आकर्षक वाटली नसावी. त्यानं ती मागे ठेवली आणि मधल्या काळात आम्हाला गाद्यांच्या जाहिराती दाखवल्या. मग एके दिवशी बातमी वर आली, तीही 'मास्तरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या' या सूचनेखाली. काही जणांनी दिल्या. मास्तरांनी आयुष्यभर पोरांना उशिरा येण्याबद्दल छड्या मारल्या, आणि त्यांच्या मयतीला सगळा वर्ग उशिरा आला.

हा पानठेला मीच काढला होता. मी ज्या साप्ताहिकात टोमणे लिहायचो ते बंद पडलं, आणि टोमण्यांना कुठेतरी टेकायला जागा हवी होती. कंपनीनं जागा फुकट दिली. फुकट जागेवर गाव जमतंच. कापसाच्या जिनिंगची शिट्टी, यवतमाळची चुकलेली बस, हरवलेली बकरी, कोणाच्या पोरीचं जमलं, कोण गेलं, सगळं तिथंच कळायचं. ग्रुप उघडा होता. लिहायचं तर आत यावं लागे, पण नुसतं ऐकायला बाहेरूनही चालत असे. खऱ्या पानठेल्यावर जसं पान न खाणारेही उभे असतात, तसं.

मास्तरांच्या तेरवीनंतर माझी पुतणी अनघा म्हणाली, "काका, आता आपण इथून निघू." ती पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसचं काम आमच्या माडीवर बसून करते. ते काय काम आहे हे मी तिला तीनदा विचारलं, आणि तीनदा मला समजल्यासारखं झालं.

आमच्या अंगणात बैठक झाली. अनघानं समजावलं. "आपलं घर आपण बांधायचं. दिग्रसचा एक छोटा कॉम्प्युटर, दिग्रसकरांच्या वर्गणीचा. पुसदवाल्यांचा त्यांचा, पांढरकवड्याचा त्यांचा. ज्यानं त्यानं आपल्या घरात राहायचं, पण घराघरांतून बोलणं चालू. बातमी ज्या वेळी आली त्याच वेळी दिसणार. मधे कोणी निवडणारा नाही."

कापसाचे अडते इंद्रजीत शेठ पुढच्या खुर्चीवर होते. त्यांनी विचारलं, "मालक कोण?"

"कोणीच नाही. म्हणजे सगळेच."

"म्हंजे तुमीच ना?"

"नाही हो शेठ."

"मंग भांडण झालं तर कोणाच्या दारात जाऊन बोंबलायचं?"

"आता कंपनीच्या दारात जाता येतं का तुम्हाला?"

शेठनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाई येत. पन शिव्या देता येते."

तरीही ठराव झाला. मास्तरांच्या बातमीवरची गादी सगळ्यांच्या डोळ्यासमोर होती. महिन्याभरात दिग्रसचं नवं घर उभं राहिलं, त्यालाही पानठेलाच म्हणायचं ठरलं, आणि लोक हळूहळू तिकडे गेले. जाताना सगळं सामान नेलं. नालीचं भांडण नेलं, नगरपालिकेवरचा राग नेला, दोन व्याह्यांमधला अबोलाही जसाच्या तसा नेला. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात कोणी तरी कोणाला तरी 'तू आधी आपलं पाह्य' असं म्हणालं, आणि अनघाला हायसं वाटलं. वस्ती झाली म्हणाली.

एक गोष्ट राहिली होती. जुनी जागा बंद करायची. बंद करायचं बटण संस्थापकाकडे, म्हणजे माझ्याकडे होतं. इंद्रजीत शेठ मागे लागले होते. "दोन्ही ठेले उघडे राह्यले का मयत एका ठेल्यावर आन् माणसं दुसऱ्यावर. पोळ्याच्या आत कुलूप लावा." म्हणणं चूक नव्हतं.

पोळ्याच्या थोडं आधी बिजलीबाई माझ्याकडे आली. सोबत लेक ममता. पुसद रोडला दिग्रसच्या बाहेर जो तांडा आहे, तिथली ही गोरमाटी, म्हणजे बंजारा, बाई. ममता गावातल्या एका जिनिंगमध्ये कॉम्प्युटरवर बसते. बिजलीबाईला पानठेल्यावरचा प्रत्येक माणूस ओळखत होता, आणि बहुतेकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. रोज दिवेलागणीला तिचा आवाज यायचा. ती फोनवर बोलून टाकायची: आज काय रांधलं, कोणती शेळी व्यायली, कोण येऊन गेलं. शेवटी एकच वाक्य, "घर उघडंच हाये." ना कोणाला उत्तर, ना कोणाला प्रश्न. नवीन माणसं विचारायची, ही बाई रोज भाजी काहून सांगते? जुनी माणसं त्यांना सांगायची, गप ऐक.

भाजी भारतसाठी होती. भारत तिचा मुलगा, ट्रकवर. चार वर्षांपूर्वी त्याचा बाप धावजी गेला तेव्हा तो गाडी घेऊन दक्षिणेत होता, नंबर बदललेला. ममतानं बातमी पानठेल्यावर टाकली, कारण तो कुठेही असला तरी पानठेला ऐकायचा हे घरात ठाऊक होतं. बातमी तासात टाकली. त्याला दिसली ती बुटांवरच्या सवलतीच्या खाली, सगळं आटोपल्यावर. तो धावत आला तेव्हा चितेची जागा झाडून झाली होती. अंगणात उभा राहून ओरडला, मले कोणी सांगतलं नाई. ममतानं फोन दाखवला. तो म्हणाला, हे तुमी मागून टाकलं. त्यावर एक चुलता बोलला, बापापेक्षा गाडी मोठी झाली तुले. भारत पाणीही न पिता गेला. तेव्हापासून नंबर लागत नाही. मागच्या वर्षी कोणीतरी त्याला पांढरकवड्याच्या ढाब्यावर पाहिलं म्हणतात. बोलला नाही. कानात वायर घालून बसला होता.

तर बिजलीबाई आली. शोभानं, माझ्या बायकोनं, चहा ठेवला.

"भाऊ, तुमी पानठेला बंद करून राह्यले म्हंते."

"बंद नाही बिजलीबाई. हलवून राह्यलो."

"हलवा ना बाप्पा. तुमचं बिऱ्हाड, तुमी उचला. जुन्या जाग्याले कुलूप कायले?"

मी इंद्रजीत शेठचं कारण सांगितलं. मयत एकीकडे, माणसं दुसरीकडे.

"मायं एक मयत त्याच कंपनीनं खाल्लं," ती म्हणाली. "मयतीचं मले नोका सांगू."

अनघा माडीवरून उतरून आली होती. तिला राहवलं नाही. "मावशी, मग त्याच कंपनीत कशाला बसता? नव्या घरी या ना. तिथं भारतदादांना वेळेवर ऐकू येईल."

"त्याले नवं घर मालूम हाये का?"

"जुन्या ठिकाणी आपण पाटी लावली की—"

अनघा थांबली. पाटी आम्ही लावली होती. 'पानठेला इथे गेला आहे' म्हणून नवा पत्ता दिला होता. कंपनी ती पाटी झाकून टाकायची. स्पर्धकाचा पत्ता दिसला की यंत्र त्यावर गादी पसरायचं.

"पोरी," बिजलीबाई म्हणाली, "बाजारात ढोर सुटलं तर कुठं पाह्यते माणूस? ज्या फाट्यावर सुटलं तिथंच ना? मायं लेकरू या फाट्यावर चुकलं. मी नव्या गावात जाऊन उभी राह्यली तर त्याले काय सपन पडणार हाये?"

"पण तो ऐकतो हे कशावरून?" हे मी विचारलं. विचारायला नको होतं.

ममतानं माझ्याकडे पाहिलं. बिजलीबाई कपातल्या चहाकडे पाहत म्हणाली, "थ्ये मी इचारलं नाई कधी. तुमीबी नोका इचारू."

पुढच्या बैठकीत मी सांगितलं, बटण मी दाबणार नाही. शेठ भडकले. मग ऐकून घेतलं, मग बराच वेळ पानाचा तोबरा घोळवला, आणि म्हणाले, "कुलूप नोका लावू. पन मंग सगळ्यायनं निघा. एकबी माणूस तिथं नोको. ठेला त्या बाईचा." कंपनीच्या नियमाप्रमाणे ग्रुपला मालक लागतो. मी बिजलीबाईचं नाव घातलं आणि बाहेर पडलो. शेठ समाधानानं म्हणाले, "चला, मालक कोण ते एकदाचं समजलं."

आळशी लोक, जे सहा महिने सांगूनही हलले नव्हते, ते या निमित्तानं हलले. एरवी दिग्रसमध्ये एकाच्या सोयीसाठी सगळे उठले असं मी एसटीतसुद्धा पाहिलेलं नाही.

आता यात एक गोष्ट अशी झाली की जी आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नव्हती.

कंपनी कोणी ऐकलं हे सांगत नाही. किती जणांनी ऐकलं तेवढं सांगते. नावं ती स्वतःजवळ ठेवते, ती विकायची असतात. बिजलीबाईच्या भाजीखाली पूर्वी आकडा शेकड्यांत असे. त्या गर्दीत कोण आहे, कोण नाही, कोणाला कळणार? गाव निघालं तसा आकडा उतरू लागला. ममता रोज जिनिंगमधून घरी जाताना आमच्याकडे डोकावून सांगायची. चाळीस. मग वीस-बावीस. मग बोटांवर. शेवटी एके दिवशी ती दारातच उभी राहून म्हणाली, "काका, तीनवर थांबला. तीन दिवस झाले, हलत नाही. याडीचं, आईचं, स्वतःचं ऐकणं त्यात धरत नाही."

"एक तू," मी म्हटलं.

"एक मी."

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. मी आत गेलो. शोभा पाठमोरी होती.

"तू ऐकतेस?"

"मग काय तुमचा नालीवरचा लेख ऐकू?" ती म्हणाली. "अंबाडीत ती कण्या कशा टाकते ते तुमच्या नव्या घरात कोण सांगतं?"

"म्हणजे दोन."

ती वळली. हातातला कपडा तसाच राहिला. राहिला एक. माडीवरून अनघाच्या बोटांचा टकटक आवाज येत होता तो थांबला, म्हणजे ती ऐकत होती.

त्या संध्याकाळी ठरवलं, दोघींनी ऐकायचं नाही. शोभानं फोन पिठाच्या डब्यावर पालथा घातला आणि देवापुढं बसली. देवाला काय सांगितलं ते तिनं मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ममतानं नुसता फोन पुढे केला. भाकर, तुरीचं वरण, शेळीच्या पायाला लागलं, घर उघडंच हाये, हे तिनं घरी समोर बसून ऐकलं होतं, फोनवर नाही. त्याखाली आकडा होता.

एक.

शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. ममता तर आमच्या पायरीवर बसूनच गेली. फक्त अनघा म्हणाली, आणि तिचा आवाज लहान झाला होता, "काका, सांगावंसं वाटत नाही. पण ते यंत्रही असू शकतं. कंपनीची यंत्रं सगळ्यांचं ऐकतात. माणूस नसला तरी एक दाखवतात कधी कधी."

हे बिजलीबाईला कोणी सांगायचं, यावर आमच्या घरात भांडण झालं. शोभा म्हणाली, आहे ते राहू द्या, चार वर्षं तिनं विचारलं नाही, तुम्ही कोण सांगणारे? ममता म्हणाली, उद्या कुठून कळलं तर मला जन्मात माफ करणार नाही. मी आयुष्यभर लोकांना नको ती गोष्ट सांगत आलो, म्हणून काम माझ्याकडे आलं.

ममताबरोबर तांड्यावर गेलो तेव्हा बिजलीबाई अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होती. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. एक जण ऐकतोय. आणि तो जण माणूसच आहे असं नाही. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. एक शेंग फोडली, दुसरी फोडली. तिसरी हातातच राहिली.

"गाव उठलं म्हून दिसलं," ती म्हणाली.

"हो."

"मशीन हाये का माणूस, थ्ये कसं समजते?"

"अनघा म्हणते, समजत नाही."

"थ्या पोरीनं कोणाले जेवू नाई घातलं अजून." शेंगदाणे तिनं सुपात टाकले. "भाऊ, खात्या माणसाच्या पुढून ताट सरकवलं का थो बोंबलते. मशीन कायले बोंबलन? तिले पोटच नाई."

मला कळायला क्षणभर लागलं. ममताला लगेच कळलं. "याडी, नको. तो उठून गेला तर? चार वरसांचा धागा हाये. तो समजन, बुढी मेली. नाई तर समजन, घरबी बंद झालं."

"समजन तर समजन."

"आन् नाईच आला आवाज तर?"

"तर मी भाजी मशीनले सांगत होती. आता नाई सांगणार."

हे ती इतक्या शांतपणे बोलली की मी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

त्या संध्याकाळपासून जुना पानठेला गप्प झाला.

आमच्या घरात दिवेलागण हा एकदम अवघड प्रहर झाला. शोभा सारखी फोन उचलायची, मग आठवून ठेवायची. नव्या घरातल्या लोकांनाही कसं कोण जाणे समजलं. तिथं रोज सायंकाळी लोक लिहायचे, "काही?" ममता उत्तर द्यायची, "नाही." एवढंच. दोन व्याही, ज्यांचा अबोला आम्ही जपून नेला होता, त्यांतल्या एकानं "काही?" विचारलं आणि दुसऱ्यानं "नाही अजून" सांगितलं. मग दोघंही दचकले असावेत. पुन्हा लिहिलं नाही. इंद्रजीत शेठनी पांढरकवड्याच्या घराला निरोप पाठवला की ढाब्यावर असा असा माणूस दिसला तर सांगा. तिथून उत्तर आलं, हायवेवर सगळेच असे असे दिसतात.

ममता सांगायची, याडी रोज वेळेवर फोन घेऊन बसते. तोंडाशी नेते. परत पदरात ठेवते. चुलीवरचं उतरवते, जेवत नाही नीट. बोललेलं परवडलं असतं म्हणाली.

एके दिवशी शोभा म्हणाली, "मला बघवत नाही. चला तांड्यावर." शेवयांचा डबा घेतला, जणू शेवया द्यायलाच चाललो आहोत. तांड्यावर दिवे लागत होते. बिजलीबाईनं शोभाला आत बोलावलं, चुलीशेजारी पाट दिला. दोघी पहिल्यांदा भेटत होत्या.

"कण्या किती वेळ भिजवता?" शोभानं विचारलं.

"तुमीच का थ्या?" बिजलीबाई म्हणाली. "म्या म्हटलं कोण ऐकते एवढं मायं. भिजवत नाई वो, भाजून टाकतो."

अंबाडी रटरटत होती. फोन उतरंडीजवळच्या फळीवर होता. ममता कपडे बदलून आली, आम्ही इकडचं तिकडचं बोललो, आणि फोनमध्ये एक टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. तसे आवाज त्यात दिवसभर होतात. गाद्यांचेसुद्धा होतात. ममतानं उठून पाहिलं, आणि ती उभीच राहिली.

"कोण?" बिजलीबाई म्हणाली.

ममताला वाचता येईना. मी फोन घेतला. जुन्या पानठेल्यावर कोणीतरी आत आलं होतं. नाव लावलं होतं 'गाडीवाला', फोटो नव्हता. एकच ओळ, मराठीत नव्हे, गोरबोलीत. मी अक्षरं जुळवून मोठ्यानं वाचली.

"याडी, काई रांदी?"

"काय रांधलं विचारून राह्यला," ममता म्हणाली, आणि मग तिनं चुलीकडे पाठ केली.

बिजलीबाईनं फोन हातात घेतला नाही. पळीनं भाजी ढवळली. चव पाहिली. मीठ टाकलं. आम्ही तिघं फोनकडे पाहत होतो, आणि ती अंबाडीत मीठ पाहत होती.

"बोला ना," शोभा म्हणाली. "अहो, बोला!"

"नाई बोलत."

"काहून वो याडी?" ममता ओरडलीच.

"चार वरस म्या वाट पाह्यली." तिनं पळी भांड्याच्या काठावर ठेवली. "आता एक रात त्यालेबी पाहू दे. समजू दे कशी अस्ते."

न्याय चोख होता. मला तर हा न्याय माझ्या साप्ताहिकात छापावासा वाटला असता. आम्ही निघायला उठलो. शोभानं डबा ठेवला. बिजलीबाईनं शेवया काढून त्यात भाजी घालून दिली, वरून भाकरी ठेवल्या, चपला घालीपर्यंत दारात उभी राहिली.

रिक्षा पुसद रोडला लागली असेल नसेल. ती एक रात म्हणजे फार तर एवढीच टिकली. शोभानं पदराखाली फोन धरला होता, मला दिसू नये म्हणून.

"ऐकू नकोस," मी म्हटलं.

"ऐकत नाहीये," ती म्हणाली. खरंच ऐकत नव्हती. नुसता उजेड तोंडावर पडला होता. तिनं फोन माझ्याकडे वळवला. जुन्या पानठेल्यावर बिजलीबाईचा आवाज येऊन पडला होता, एरवीपेक्षा बराच लांब. काय बोलली ते आम्ही उघडलं नाही.

खालचा आकडा तेवढा पाहिला. अजून शून्य होता.

मग एक झाला.